देवाचं देणं

महाशिवरात्र जवळ आली की वऱ्हाडातून माणसं पचमढीच्या वाटेला लागतात. कुणी एसटीनं, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कुणी पायी. जायचं असतं सातपुड्यातल्या चौरागडावर, महादेवाकडे. शेवटच्या चढाला हजारावर पायऱ्या आहेत आणि त्या चढणाऱ्यांच्या खांद्यावर लोखंडी त्रिशूळ असतात. काही हातभर लांबीचे, काही इतके जड की दोघा-चौघांनी आळीपाळीनं खांदा द्यावा. माथ्यावर पोचलं की देवळाच्या आसपास त्रिशुळांचं रानच दिसतं: एकमेकांना टेकलेले, गंजलेले, नवे, जुने, हजारोंनी. कुणाला मूल झालं, कुणाचं दुखणं गेलं, कुणाचा कज्जा सुटला. ज्याचं काम झालं त्यानं आपला त्रिशूळ आणून इथे ठेवला.

समजा, आणखी दोन हजार वर्षांनी कुणी हा डोंगर खणला. नवसाचा रिवाज तोवर विसरला गेलेला आहे. उत्खनन करणाऱ्याला सापडेल लोखंड, तेही टनांनी. जवळ भट्टी नाही, लोहाराची वस्ती नाही. एकाच आकाराच्या, टोकदार, पण कधीही न वापरलेल्या वस्तू. पहिला अंदाज बहुधा शस्त्रागाराचा असेल. जरा सावध माणूस असला तर तो वहीत लिहील, 'विधीशी संबंधित'. पुरातत्त्वाच्या वर्तुळातली ही जुनी थट्टा आहे: ज्या वस्तूचा उपयोग कळत नाही तिला विधीची म्हणायचं आणि पुढे जायचं. या उदाहरणात मात्र तो अंदाज बरोबर असेल. तरीही त्या माणसाला महत्त्वाचं काहीच कळलेलं नसेल. कुणी आणलं, कशासाठी, आणि कशाच्या बदल्यात?

मराठीत नवसाला दोन क्रियापदं लागतात. नवस आधी 'बोलतात' आणि मग 'फेडतात'. फेडणं हा कर्जाचा शब्द आहे. नवसाची वस्तू म्हणजे त्या कर्जाचा शेवटचा हप्ता. 'देणं' हा शब्दही तसाच दुहेरी आहे. एखाद्याला काही देणं ते देणं, आणि आपल्या डोक्यावर जे थकलेलं असतं तेही देणंच. 'देवाचं देणं राहिलं' असं आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात तेव्हा त्यात दोन्ही अर्थ मिसळलेले असतात.

ही फक्त आपलीच रीत नाही. रोमन साम्राज्यात सैनिक आणि व्यापारी देवांना दगडी वेद्या अर्पण करत. त्यांवर शेवटी बहुतेक वेळा चारच अक्षरं कोरलेली असतात. त्यांचा अर्थ असा की बोललेलं वचन अमक्यानं आनंदानं आणि रास्तपणे फेडलं. 'फेडलं' यासाठी तिथे जे लॅटिन क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ 'सोडवणं, मोकळं करणं' असा आहे. आपल्या भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी एक गाव आहे, ऋणमोचन. लोक म्हणतात ऋणमोचनला पौषातल्या रविवारी नदीत बुडी मारली की ऋण सुटतं. ऱ्हाइनकाठचा रोमन शिपाई आणि पूर्णाकाठचा कास्तकार यांनी एकमेकांचं नाव कधी ऐकलं नव्हतं, पण देवाशी असलेला व्यवहार दोघांनीही गाठ सुटण्याच्याच शब्दांत सांगितला.

पुरातत्त्वाची अडचण इथेच आहे. जमिनीत उरतं ते फेडलेलं. बोललेलं हवेत जातं.

मग एखादी वस्तू अर्पण केलेली आहे हे ठरवायचं तरी कसं? अभ्यासकांनी त्याचे काही आडाखे बांधले आहेत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांनी ग्रीसच्या मिलॉस बेटावरच्या फिलाकोपी इथल्या देवळांवर १९८५ साली पुस्तक लिहिलं. पूजास्थान कशावरून ओळखावं याची यादीच त्यात दिली आहे. साधारण खुणा अशा: वस्तू एकाच प्रकारच्या आणि पुष्कळ आहेत. त्या खऱ्या वस्तूंच्या लहान प्रतिकृती आहेत. त्यांवर वापराची झीज नाही. त्या मुद्दाम मोडल्या किंवा वाकवल्या आहेत. आणि त्या अशा जागी आहेत जिथून परत काढून घ्यायचा कुणाचा विचार नव्हता.

शेवटची खूण सगळ्यांत अवघड. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनी गावी जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला. त्या मूर्ती आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. भक्तांनी देवळाला दिलेल्या अशा मूर्ती जमिनीत जातात त्या दोन कारणांनी. एक तर संकटकाळी लपवून ठेवल्या आणि ठेवणारा परत आला नाही. किंवा जीर्ण झालेल्या, पूजेतून काढलेल्या पवित्र वस्तू कचऱ्यात टाकता येत नाहीत म्हणून आदरानं पुरल्या. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात निरोप. खड्डा दोन्हींचा सारखाच दिसतो.

संख्येवरून काही बोलता येतं, पण तेही जपून. रोमजवळ पाँते दी नोना इथे १९७०च्या दशकात एका ग्रामीण देवस्थानाच्या जागी सुमारे आठ हजार भाजक्या मातीच्या अर्पणवस्तू मिळाल्या. त्यात माणसाचे अवयव होते आणि सर्वांत जास्त पावलं. उत्खनन करणाऱ्या टिमोथी पॉटर यांनी मांडलं की शेतात राबणाऱ्यांचे हातपाय दुखावत, ते बरं होण्यासाठी इथे येत. मांडणी पटण्यासारखी आहे. आपल्याकडेही देवीला चांदीचे डोळे वाहतात, वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहतात. पण वऱ्हाडातल्या माणसाला लगेच दुसरी शंका येईल. पाऊल वाहणाऱ्याचं पाऊलच दुखत होतं कशावरून? 'पायी चालत येईन' असाही नवस असतो. तसाच पाळणा. पाळणा बांधणारीला मूल झालेलं असेल किंवा हवं असेल. एक पाळणा फेडलेला, एक मागितलेला, आणि फांदीवर दोन्ही शेजारी लटकतात.

कधीतरी, फार क्वचित, वस्तू स्वतः बोलते. लज्जागौरी ही देवी दख्खनभर सापडते. पाय फाकवून बसलेली, बहुतेकदा डोक्याच्या जागी कमळ. तळहातावर मावणाऱ्या मातीच्या आणि दगडाच्या अशा मूर्ती तेरसारख्या सातवाहनकालीन ठिकाणी मिळाल्या आहेत. ह. धी. सांकळियांनी तिच्यावर लिहिलं, पुढे रा. चिं. ढेऱ्यांनी संपूर्ण ग्रंथ लिहिला. यातल्या जवळजवळ सगळ्या मूर्ती मुक्या आहेत. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याची एक मूर्ती मात्र तशी नाही. तिच्यावर लेख आहे. ती करवून घेणारी इक्ष्वाकू राजा एहुवल चांतमूल याची राणी खंडुवुला आहे. ती आपलं नाव सांगते आणि स्वतःबद्दल दोन गोष्टी नोंदवते: ती विधवा नाही, तिचा मुलगा जिवंत आहे. बस, एवढंच. ही मूर्ती आधी मागणं म्हणून वाहिली की मिळाल्यावर फेड म्हणून, हे दगड सांगत नाही. पण सतराशे वर्षांपूर्वीची एक बाई कशाला भीत होती हे त्या दोन विशेषणांतून आपल्याला कळतं. राणी होती म्हणून कळतं. तिच्या राज्यातल्या कुंभारणीनं मातीची तीच देवी वाहिली असेल, तर तिची भीती तिच्याबरोबर गेली.

लिहिता येणारे आणि लिहून घेता येणारे यांचीच देणगी इतिहासात उरते, हे वऱ्हाडातही दिसतं. इथल्या सर्वांत जुन्या नोंदलेल्या दानांपैकी एक वऱ्हाडाच्या बाहेर सापडलं. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ साली मध्य प्रदेशात सतन्याजवळ भारहुतचा स्तूप गवसला. त्याच्या दगडी कठड्यावर दात्यांची नावं कोरलेली आहेत, गावासकट. त्यांत भोजकटच्या एका भिक्षुणीचं दान आहे. तिचं नाव दिगनागा. लेख इतकाच: कुठली, कोण आणि दान. इसवी सनापूर्वीच्या काळातली ही बाई शेकडो मैलांवरच्या एका स्तूपाला दगड देते आणि बदल्यात काय हवं ते लिहीत नाही.

हे भोजकट म्हणजे आपलाच मुलूख. अनेक अभ्यासकांनी ते आजच्या भातकुलीच्या जागी मानलं आहे. त्याच्या जन्माची कथा भागवतात आहे. कृष्णानं रुक्मिणीला नेलं तेव्हा तिचा भाऊ रुक्मी प्रतिज्ञा करून निघाला की कृष्णाला मारून बहिणीला आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही. हरला, विद्रूप होऊन सुटला, आणि बोललेलं खरं करता न आल्यानं घरी परतला नाही. त्यानं नवं नगर वसवलं, ते भोजकट. कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचं तिवसा तालुक्यातलं कौंडिण्यपूर, असं इथे सगळेच मानतात. मोरेश्वर दीक्षितांनी १९६०च्या दशकात तिथे उत्खनन केलं आणि महापाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आणली. रुक्मीची कथा उत्खननानं सिद्ध होत नाही, व्हायची गरजही नाही. पण ज्या प्रदेशानं आपल्या एका नगराचा उगम न फिटलेल्या बोलात शोधला, त्या प्रदेशाला बोललेल्या शब्दाचं वजन ठाऊक होतं.

त्याच भोजकटाचं नाव पुढे पाचव्या शतकात एका ताम्रपटात येतं. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या अठराव्या राज्यवर्षातला ताम्रपट मिळाला. भोजकट राज्यातलं, मधुनदीकाठचं चर्माङ्क हे गाव त्यानं हजार ब्राह्मणांना दिलं. म्हणजे हेच चम्मक. दान चंद्रसूर्य असेतो. पण पुढे अटी आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी, ब्रह्महत्या, व्यभिचार करू नये, लढाई करू नये, शेजारच्या गावांना त्रास देऊ नये. मोडलं तर राजा गाव परत घेईल आणि ती चोरी ठरणार नाही. ताम्रपटांत अशा अटी सहसा नसतात, म्हणून चम्मकचा पट अभ्यासकांत प्रसिद्ध आहे.

दिगनागा काही मागत नाही. प्रवरसेन देतो, पण अट घालतो. नवस बोलणारा गरीबही अट घालतो, तीही थेट देवाला: माझं काम झालं तर. फरक एवढाच की राजाच्या अटी तांब्यावर आहेत. कुणब्याच्या, कोरकूच्या, परटिणीच्या अटी कुणी लिहून ठेवल्या नाहीत.

आणि काही अर्पणं तर लिहूनही टिकणार नाहीत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची पोरं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं आणून राजराजेश्वराला वाहतात. रात्रभर पंधरा-वीस किलोमीटर चालणं, खांदे सोललेले, शेकडो भरण्यांच्या कावडी. वाहतात काय, तर पाणी. सकाळी पिंडीवरून ओघळून गेलं की संपलं. अकोल्याचा हा सगळ्यांत मोठा सामूहिक नवस कोणत्याही उत्खननात सापडणार नाही.

काहींना तर वाहायलाही मिळालं नाही. नोव्हेंबर १९२७मध्ये अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या देवळात जाऊ देण्याचा. ज्या देवळात शतकानुशतकं काही जातींना उंबरठा ओलांडता येत नव्हता, तिथल्या गाभाऱ्यातला आणि आवारातला ठेवा हा 'समाजाच्या श्रद्धेचा' पुरावा कसा म्हणायचा? तो आत जाऊ शकणाऱ्यांच्या श्रद्धेचा पुरावा आहे. बाहेरच्यांचे देव गावकुसाबाहेर, झाडाखाली, शेंदूर फासलेल्या गोट्यांत होते. तिकडे पुरातत्त्वाचं लक्ष फार उशिरा गेलं. दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपास अशाच देवींच्या ठाण्यांभोवती फिरले, तिथे वेचलेल्या दगडी पात्यांवरून जुन्या वाटांचा माग काढला, आणि पूजल्या जाणाऱ्या साध्या धोंड्यातही इतिहास असतो हे दाखवलं. पाती वेचण्याइतकंच त्यांनी तिथल्या माणसांना विचारलंही.

विचारण्याला पर्याय नाही, हे मेळघाटात नीट दिसतं. कोरकू आपल्या मृतांसाठी सागवानी लाकडाच्या कोरीव फळ्या उभारतात, त्यांना मुंडा म्हणतात. चंद्र, सूर्य, घोड्यावरचा स्वार असं त्यावर कोरलेलं असतं. तो विधी खर्चाचा असल्यानं पुष्कळदा वर्षानुवर्षं लांबतो. तोवर मेलेला माणूस पितरांत पोचलेला नसतो आणि घरावर त्याचं देणं असतं. इकडे नागपूरजवळ माहुरझरीला शां. भा. देव यांनी महापाषाणी दफनं उघडली, त्यांत माणसांबरोबर तांब्याच्या साजासह पुरलेला घोडा निघाला. दोन्हींत अडीच हजार वर्षांचं अंतर आहे आणि एकाचा दुसऱ्याशी धागा जोडायला काही आधार नाही. पण मुंडा उभारणारा कोरकू आपल्याला एक शक्यता शिकवतो: थडग्यातला ऐवज म्हणजे मेलेल्याची श्रीमंतीच असेल असं नाही, मागे राहिलेल्यांनी कर्ज काढून फेडलेलं देणंही असू शकतं.

कर्जाचा उल्लेख आला की वऱ्हाडात गाडगेबाबांकडे यावंच लागतं. शेंडगावच्या परटाच्या घरात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीनं लहानपणापासून पाहिलं होतं की देवाच्या नावानं कापलेलं बोकड आणि ओतलेली दारू घराला कशी सावकाराच्या दारात नेते. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी मांस आणि दारू नाकारली. पुढे कीर्तनातून नवस आणि पशुबळी यांच्याविरुद्ध ते अखंड बोलत राहिले. समोरच्या माणसालाच प्रश्न विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढत. देवाचं देणं फेडायला माणसाचं देणं करू नका, हे त्या सगळ्या प्रश्नांचं सार होतं. आज शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय निघाला की देशभर ज्या जिल्ह्यांची नावं घेतली जातात, त्यांत अमरावती आणि अकोला आहेत. तेव्हा बाबांचा मुद्दा जुना झालेला नाही.

म्हणून नवसावर लिहिताना हळवं होणं मला बरोबर वाटत नाही. चौरागडच्या प्रत्येक त्रिशुळामागे लोहाराला मोजलेले पैसे आहेत, कधीकधी उसने. पण तेवढ्यावरून ती वस्तू अंधश्रद्धेचा भंगार माल म्हणून वजनावर विकायचीही नसते. गरिबाला काय हवं होतं आणि कशाची भीती वाटत होती, याचा तो जवळजवळ एकमेव दस्तऐवज आहे. त्याचं घर पडतं, शेत वाटलं जातं, नाव दोन पिढ्यांत पुसलं जातं. वाहिलेला डोळा, पाळणा, त्रिशूळ उरतो.

किंवा उरत नाही. चांदीचे डोळे साचले की देवस्थानं ते वितळवतात. लुगड्यांचा लिलाव होतो. पाळणे, बाहुल्या, फोटो यांची वर्षातून एकदा सफाई होते. व्यवस्थापनाच्या दृष्टीनं ते समजण्यासारखं आहे, जागा कुठवर पुरणार? २०२२मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर उतरवला, तेव्हा आतलं मूळ रूप प्रथमच दिसलं आणि सगळं लक्ष साहजिकच त्या रूपाकडे गेलं. उतरवलेला शेंदूर म्हणजे असंख्य हातांनी एकावर एक चढवलेलं देणं होतं. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमबुवांच्या मूर्तीवरही लोणी आणि शेंदूर असाच चढत आला आहे. या थरांना उत्खननातल्या थरांची किंमत कुणी दिलेली नाही.

सगळं जपून ठेवा असं म्हणण्यात अर्थ नाही. पण वितळवण्याआधी मोजता येईल, फोटो काढता येईल, आणि मुख्य म्हणजे वाहणाऱ्याला विचारता येईल: माय, काय बोलली होतीस? नाव नको, गाव पुरे. देवळाच्या पावतीपुस्तकात देणगीची रक्कम लिहायला रकाना असतो, कारण लिहायला नसतो. तो एक रकाना वाढवला तर पुढच्या पुरातत्त्वज्ञाला जे जमिनीतून कधीच मिळणार नाही ते आपल्या हयातीत लिहून ठेवता येईल.

ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट आहे. पूर्वी तिथे चिखल होता, यात्रेला आलेली माणसं, बायका घसरून पडत. तरुण डेबूजीनं आधी हातात फावडं घेऊन वाट केली, नंतर लोकांकडून मिळवलेल्या मदतीतून तिथे पक्का घाट उभा राहिला. नवसाच्या विरोधात आयुष्यभर बोललेल्या माणसानं देवाच्या दारी दिलेली ही वस्तू. आजही पौषातल्या रविवारी ऋण सुटावं म्हणून येणारी माणसं त्याच पायऱ्यांवरून पाण्यात उतरतात.